शुक्रवारचा धूप आणि माझा ताप

मी सुरतेजवळच्या डिंडोलीतल्या लोटूभाऊंच्या घरातला कॉम्प्युटर बोलतोय. मी जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेजारचा तो नवा कॉम्प्युटर सांगेलच.

माझी पहिली वर्षं कडोदऱ्याच्या एका कापड ऑफिसात गेली. त्यांनी नवा घेतला तेव्हा लोटूभाऊंनी मला टेम्पोत घालून लेकीसाठी घरी आणलं. ते पांडेसऱ्याला रंगाईच्या मिलमध्ये कामाला. योगिता माझ्यावर लग्नपत्रिका करू लागली. सुरतेत राहूनही आमच्या खानदेशी माणसांना पत्रिका मराठीतच हवी, आणि कुलदेवतेचं नाव सगळ्यांत वर.

योगिताची आई मालतीबाई मला घरचाच मानायच्या. आजूबाजूच्या लूममधून तंतू उडत येतात, म्हणून त्यांनी जुन्या साडीचं झबलं शिवून माझ्या अंगावर चढवलं. किती मिरवलं मी ते!

मग शेजारच्या वैशालीकडे नवाकोरा पेंटियम कॉम्प्युटर आला, आणि नेमका तेव्हापासून मला ताप भरू लागला. अर्धी पत्रिका झाली की डोकं तापायचं आणि मी जागच्या जागी गोठायचो.

"मम्मी, नवरीचं नावच गेलं परत!" योगिता ओरडायची. मग माझ्या तोंडातली फ्लॉपी काढून वैशालीकडे पळायची. माझी फ्लॉपी त्याच्या तोंडात! काय वाटत असेल मला, तुम्हीच सांगा.

लोटूभाऊ म्हणाले, "भंगारमा दी टाक हाई डबडं."

"असं बोलू नका हो," मालतीबाई म्हणाल्या. "मी शुक्रवार धरलेत याच्यासाठी. देवी बघेल."

दर शुक्रवारी त्या उपास करायच्या. मी चालू असतानाच माझ्या कपाळाला हळदकुंकू लावायच्या आणि धुपाटणं माझ्याभोवती फिरवायच्या. मी फुगून जायचो. शेजारच्याला कोण ओवाळतंय? पण माझ्या प्रोसेसरच्या डोक्यावर एक चिमुकला पंखा आहे. तो बिचारा राख, काजळी, कुंकू, सगळं आत ओढायचा. ते पंख्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये जाऊन बसायचं. वरून साडीचं झबलं. मी जास्त तापलो की मालतीबाई जास्त धूप घालायच्या.

एका शुक्रवारी ओवाळणं चालू असतानाच मी बंद पडलो. योगिता चिडली. "आता शेवटचं बघते. नाहीच झालं तर पप्पांना सांगते, उद्याच भंगारवाल्याला बोलवा." तिने वायर काढली, मला निवू दिलं आणि स्क्रू फिरवून माझी पाठ उघडली.

"मम्मी, हे बघ!"

पात्यांमध्ये लाल-काळा, चिकट, बोटभर थर होता. आतून धुपाचा वास आला.

"अगं बाई! माझाच धूप?" मालतीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"बाळंतिणीसारखी धुरी देत होतीस तू याला!" योगिताला हसू आवरेना. "वरून झबलं!"

मालतीबाई हसल्या नाहीत. धुपाटणं देवीपुढे ठेवून म्हणाल्या, "व्रत मोडायचं नाही. धूप देवीला, आणि याची सेवा हाताने."

मऊ ब्रशाने त्यांनी एकेक पाती झाडली, अगदी देवाची मूर्ती पुसावी तशी. प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारं मलम वाळून गेलं होतं, ते योगिताने खरवडून नवं लावलं. झबलं आता मी बंद होऊन निवल्यावरच, असं ठरलं. त्या दिवशी मी अख्खी पत्रिका एका दमात पुरी केली. फ्लॉपी घरी आली. लोटूभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हाई तर थंड शे!" भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

सगळं कसं छान झालं होतं. पण आज वैशालीची आई सरलाबाई आल्या. "मालतीबाई, तुमना कॉम्प्युटर सुधरना म्हणे, धूप दाखाडीसन. आमनाले बी दिऊ का?"

द्या, द्या! माझ्या मनात आलं. पोटभर द्या!

पण मालतीबाईंना कुठलं राहवतंय! "नको वं माय, धूप देवापुढेच. चल, मी येते आणि तुझाही झाडून देते." आणि माझा ब्रश घेऊन त्या निघाल्यासुद्धा.

अजून तिकडेच आहेत. मालतीबाई, झाडा त्यालाही, मी काही म्हणत नाही. तोही कोणाच्या तरी लेकीचाच आहे. पण झाडताना त्याच्याशी हसून बोलू नका हो. मधली भिंत फार पातळ आहे.