आत्याचं नाक

“सांगू नका,” ढेकूणकाका म्हणाले. पण मॅनेजरबाईंनी तोवर सांगून टाकलं होतं.

वृद्धाश्रमातल्या काही खोल्यांत ढेकूण झाले होते, आणि ते हुंगून शोधायला काका आपली कुत्री घेऊन आले होते. ढेकणांच्या त्या सगळ्या खोल्या आक्काकडे होत्या. आक्का म्हणजे तिथली आया. म्हाताऱ्यांची अंघोळ, गोळ्या, फिरवून आणणं, रुसवेफुगवे, सगळं तीच बघायची.

“तिच्या घरूनच आले असणार,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “फार दाटीवाटीत राहते ती. शेवटच्या खोलीत डावीकडचं कपाट तिचं. कुत्रीने ते दाखवलं की आजच तिला निरोप देते. काय करू हो? एका आजोबांच्या पाठीवरचे चट्टे बघून त्यांचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला.”

बाई वाईट नव्हत्या, पार पिचून गेल्या होत्या. काकांनी मात्र कपाळाला हात लावला. या धंद्यात पट्टा धरणाऱ्याला आधीपासून काही ठाऊक असलं की घोटाळा होतो. कुत्र्याला ढेकणाचा वास कळतो तसं धन्याचं मनही कळतं. धनी जिथे घुटमळतो तिथे ते बसतं, कारण बसलं की खाऊ मिळतो हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं.

काकांच्या कुत्रीचं नाव आत्या. तपकिरी रंग, लोंबते कान आणि चेहऱ्यावर कायमची नाराजी. नाव बायकोने ठेवलेलं. “कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की गाद्या हुंगणार आणि नेमकी खोट काढणार,” ती म्हणाली होती. “मुलांची आत्याच ही.”

काकांनी उमेदीची वर्षं पाठीवर पंप बांधून औषध फवारण्यात घालवली. लोकांची घरं साफ झाली, काकांचं नाक मात्र कायमचं गेलं. शेजारी दूध करपलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. मग कामही गेलं आणि ते घरात बसून भिंतीशी बोलायला लागले. तेवढ्यात एका जुन्या सोबत्याने त्यांना हे कुत्रं शिकवण्याचं वेड लावलं. सरावाला जिवंत ढेकूण लागतात, मेलेले चालत नाहीत. म्हणून काका जाळीच्या झाकणाच्या एका काचेच्या बाटलीत ते पाळत आणि ती बाटली दंडाला उपडी बांधून त्यांना स्वतःचं रक्त पाजत. “मी आटवते तेवढं पुरत नाही वाटतं,” बायको म्हणायची. गल्लीतल्या पोरांनी तेव्हापासून त्यांना ढेकूणकाका केलं. काकांना त्याचं काही वाटत नसे. बिननाकाच्या माणसाला आयतं नाक मिळालं होतं. रोज सकाळी पट्टा हातात घेताना त्यांना खरोखर कुणाचे तरी पाय धरावेसे वाटत. जवळ पाय असत ते आत्याचेच, आणि तिला पायांना हात लावलेला मुळीच खपत नसे.

आत्याने खोल्या हुंगायला सुरुवात केली. ज्या खोल्यांत ढेकूण होते तिथे ती बरोबर बसली, पलंगाच्या सांध्याला नाक लावून. मग शेवटची खोली आली. आक्का दाराशी उभी होती, हात पदरात गुंडाळून. काका ओळीने कपाटांवरून निघाले आणि डावीकडच्या कपाटाशी आत्या बसली.

“बघा,” मॅनेजरबाई हळूच म्हणाल्या.

 आक्काने दाराची चौकट धरली.

काकांनी खिशातल्या बिस्किटाकडे हात नेला आणि तसाच थांबवला. ढेकूण खरोखर सापडला की आत्या त्या जागेवरचं नाक हलवत नसे, हाक मारली तरी ढिम्म. आत्ता ती काकांच्या तोंडाकडे बघत होती, शेपूट हलवत, लाडीगोडी लावत. काकांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पाय कपाटासमोर रोवलेले होते. ते कधी थांबले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

“हे तिचं नाही, माझं आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मी थांबलो म्हणून ती बसली. तुम्ही सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं, ते पट्ट्यातून खाली उतरलं. हे धरू नका, बाई. पुन्हा करावं लागेल.”

बाईंचा चेहरा वैतागला, पण त्या ऐकत होत्या. काकांनी उपाय सांगितला. सगळ्या कामवाल्यांच्या कपाटांतलं सामान काढायचं, सारख्या चादरींत गाठोडी बांधायची आणि बाहेरच्या लांब व्हरांड्यात ओळीने मांडायची. कुणाचं कुठलं हे काकांना कळता कामा नये. तोवर ते आत्याला घेऊन फाटकाबाहेर उभे राहिले. बिस्किट न मिळाल्याने आत्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. “चूक माझी होती, बाई,” काकांनी तिची समजूत काढली.

दुसऱ्या फेरीत ती एकेक गाठोडं हुंगत सरळ पुढे गेली. एकाशीही थबकली नाही. ओळ संपली तशी तिने पट्टा ताणला, काकांना ओढत जिन्याखाली नेलं आणि तिथल्या चाकांच्या खुर्चीच्या गादीला नाक चिकटवून बसली. काकांनी हाक मारली. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

काकांनी शिवण उसवून टॉर्च मारला आणि मॅनेजरबाईंना वाकून बघायला सांगितलं. आत ढेकणांचं गावच वसलं होतं.

“ही खुर्ची तर त्याच खोल्यांतून फिरते,” बाई म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं. “आणि फिरवते आक्का.”

त्या वळल्या, आक्कापाशी गेल्या आणि तिचा हात हातात घेतला. “चुकलं माझं. उद्या वेळेवर ये.” आक्काने मान हलवली. काकांनी आत्याला दोन बिस्किटं दिली, एक नियमाचं आणि एक मघाचं थकलेलं.

काका फाटकातून निघाले तर मागून आक्का धावत आली.

“दादा, माझ्या घरी याल? आत्ताच? काय होईल ते देते.”

“अहो, आता तर तुमच्यावरचं बालंट गेलं.”

“त्या खुर्चीला रोज मीच कवटाळलंय ना,” ती म्हणाली. “घरी लेक बाळंत झालीय. बाळ झालं तेव्हाच इथे ही कुजबुज सुरू झाली. म्हटलं, खरंच माझ्या अंगावरून त्या जिवाच्या अंगावर गेले तर? मी घेतलंच नाही तिला. गॅलरीत निजते. लेकीला वाटतं, मुलगी झाली म्हणून आईचं तोंड फिरलं.”

काका आणखी काही न विचारता तिच्याबरोबर चालू लागले.

दोनच खोल्यांचं घर. धुऊन धुऊन सगळ्या कपड्यांचा रंग उडालेला. लेक बाळाला घेऊन खुर्चीवर बसली होती. कुत्रं बघून तिने बाळ छातीशी घट्ट धरलं, पण आईचा चेहरा बघून पाय बाजूला घेतले.

या वेळी काकांना वेगळीच भीती होती. इथे काही सापडू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तेही पट्ट्यातून उतरू शकतं. त्यांनी पट्टा सैल सोडला आणि नजर छताला लावली. आत्या पलंग, कपाट, पाळणा करत गॅलरीत गेली आणि आक्काच्या वळकटीशी थांबली. हुंगतेय, हुंगतेय, काही केल्या पुढे जाईना. काकांनी श्वास रोखला. मग आत्या सणसणून शिंकली आणि तिथून निघाली.

“घर साफ आहे,” काका म्हणाले.

आक्का जागची हलली नाही. “नक्की? दमली असेल ती. शिंकली पण.”

काकांना राग आला नाही. इतके दिवस जीव मारून राहिलेल्या माणसाला एका शब्दाने कसं पटावं? त्यांनी सरावाच्या ढेकणांची ती बंद बाटली लेकीच्या हातात दिली आणि बाहेरच्या जिन्यावर कुठेही लपवायला सांगितली. बाळाला पाळण्यात ठेवून ती गेली. ती परत आल्यावर आत्याला सोडलं. वरच्या मजल्याच्या वळणावर, एका जुन्या बुटापाशी आत्या नाक लावून बसली. आक्काने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि हात धुवायला आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

काकांनी आत्याला खाऊ दिला. मग ते पायरीवर टेकले, तिचं ओलं नाक दोन्ही तळव्यांत धरलं आणि म्हणाले, “तुझे उपकार फेडता यायचे नाहीत गं मला.” आत्याने आणखी एक बिस्किट मागितलं.

निरोप घ्यायला ते दारापर्यंत आले. आक्का जमिनीवर बसली होती आणि लेक तिच्या मांडीवर बाळ ठेवत होती. काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसे आक्काचे हात ताठ झाले होते. तिने बाळाला थोडं उचललं, पुन्हा टेकवलं.

“ही एवढी जड कधी झाली गं?” तिने लेकीला विचारलं.

 लेक आईला चिकटून बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काकांनी निरोप न घेताच दार आवाज न करता लोटून घेतलं.