मोहरीची उशी

विजयमालाबाईंना कुणी शिकवलेलं खपत नसे, आणि सुनेनं शिकवलेलं तर मुळीच नाही. पण आज धनश्री उंबऱ्यात उभी राहून नेमकं तेच करत होती.

"आत्या, पार्थला उताणंच निजवा. उशी नको, गोधडी नको, पालथा तर अजिबात नको. दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलंय."

"अगं बाई, तीन पोरं वाढली या हातात! ती काय हवेवर वाढली?"

धनश्री हसली, पण नुसतं ओठांनी. श्रीगोंद्याच्या पतसंस्थेतली तिची सुट्टी संपली होती. आज अर्धा दिवस कामावर जाऊन बघायचं. पोर आजीजवळ राहिलं तर ठीक, नाहीतर तिनं कोपरगावच्या शाखेत बदली घेऊन त्याला तिथं आपल्या आईकडे ठेवायचं, असं नवरा-बायकोचं ठरलेलं. काष्टीहून कोपरगाव म्हणजे नातू सणासुदीलाच दिसणार. विजयमालाबाईंच्या जिवाला त्याचाच घोर लागला होता.

सुनेची गाडी वळली आणि तीन महिन्यांच्या त्या पठ्ठ्यानं सूर लावला. वाटी-चमच्यानं दूध पाजलं, खांद्यावर घेतलं, अंगणात फिरवलं, पण गप्प बसेल तर शप्पथ! त्यात शेजारची छबूबाई कुंपणावरून म्हणते कशी, "आईबिगर ऱ्हात न्हाई वाटतं!"

झालं! विजयमालाबाईंचं टाळकंच सटकलं. बाळाच्या डोक्याला गोल आकार यावा म्हणून बारशाला त्यांनी मोहरी भरून उशी शिवली होती, सुनेनं ती कपाटात कोंबलेली. ती त्यांनी काढली, पोराला तिच्यावर पालथं घातलं, पाठ थोपटली. लागला की डोळा!

"ये म्हनावं सिस्टरला, बघायला," त्या पुटपुटल्या.

आता निवांत बसावं की नाही? छे! गवार मोडायला घेतली, चार शेंगा मोडून उठल्या. पोर झोपलेलं. चहा टाकला, तो उतू गेला. पुन्हा दारातून डोकावून आल्या. इतका वेळ बोंबलणारं पोर एवढं गुपचूप कसं? सुनेनं डोक्यात किडा सोडलाय नुसता, असं चरफडत त्या परत आत गेल्या आणि या खेपेला वाकून पाहिलं.

मोहरी दोन्हीकडं सरकली होती. मधल्या खळग्यात पोराचं नाक-तोंड पार रुतलं होतं.

त्यांनी त्याला ओढूनच उचललं. ओठ निळसर पडलेले. "पार्थ! ए बाळा! अरं, रड की रं!" पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. काहीच नाही. मग पोरानं एकदम श्वास ओढला आणि टाहो फोडला. विजयमालाबाई त्याला छातीशी धरून मटकन खाली बसल्या आणि त्याच्याबरोबर रडल्या.

धनश्री आली तेव्हा पार्थ मोकळ्या चादरीवर उताणा पडून पाय झाडत होता.

"आत्या, जमलं की हो तुम्हाला!" तिचा चेहरा खुलला. "मी उगाच जीव टांगणीला लावला. आईला सांगून टाकते, पार्थ इथंच राहील."

सगळं जिंकलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"धनश्री," त्या म्हणाल्या, "म्या त्याला पालथा घातला हुता. उशीवर. नाक दडपलं त्याचं. ओठ निळं पडलं हुतं."

धनश्रीनं झडप घालून पोराला उचललं, त्याचं तोंड पाहिलं, छातीला कान लावला. मग ती कडाडली. "सांगून गेले होते ना मी! काय झालं असतं आत्या, काय झालं असतं?" वर्षभर गिळलेलं सगळं तिनं ओकलं. जन्मात कुणाचं एक न ऐकलेली बाई पदर तोंडाला लावून उभ्यानं ऐकत राहिली.

"ने त्याला कोपरगावला," शेवटी त्या म्हणाल्या. "माजं काई म्हननं न्हाई."

धनश्रीनं डोळे पुसले, गाडीची किल्ली घेतली. "ते मागनं बघू. आधी दवाखान्यात दाखवू, चला. गाडी मी चालवते."

आणि तिनं पोर सासूपुढं धरलं. विजयमालाबाईंचे हात पुढं होईनात.

"घ्या ना, आत्या," धनश्री म्हणाली. "नीट धरा. तोंड मोकळं राहू द्या त्याचं."