पेंढ्याचं पारडू

मी तोतया बोलतोय. दचकू नका. ओझरच्या देवळात रांग मोडण्यापुरते ‘साहेब’ होणारे मी ऐकून आहे. त्यांच्यापुढे मी अगदीच किरकोळ. मी म्हणजे पेंढा भरलेलं म्हशीचं पारडू.

डिंगोरे गावातली गोष्ट, १९९४ सालची. साळुबाईची बहीण रत्ना बाळंतपणात गेली आणि नऊ दिवसांची तेजस्विनी साळुबाईच्या ओटीत आली. गोठ्यात दुभती म्हैस होती म्हणून घर निश्चिंत होतं, तोच म्हशीचं पारडू दगावलं. तिनं पान्हा चोरला. बाहेरून आणलेलं दूध पोरीला पचेना. रडून रडून तिचा आवाज बसला.

मग साळुबाईच्या नवऱ्यानं, सावळेरामनं, त्या पारडाचं कातडं वाळवलं, आत पेंढा कोंबला, पायांत काठ्या घातल्या आणि वरून मीठ चोळलं. तो मी! मला म्हशीपुढे उभं केलं. ती कितीतरी वेळ हुंगत राहिली. मला वाटलं, संपलं, आपलं बिंग फुटलं. पण तिनं मला चाटलं आणि चरवीत धार वाजली.

ते दिवस आठवले की अजून भरून येतं. रोज दोन वेळा मी कुणाचंतरी लेकरू असायचो.

पुढच्या वेताला खरं पारडू आलं आणि मी आढ्याला टांगला गेलो. तेजस्विनी मला खाली काढून खेळायची. माझा एक कान तिनंच उपटलाय.

ती दहा वर्षांची असताना शाळेत कुणीतरी तिला म्हणालं, साळुबाई तुझी खरी आई नाही. त्या दिवशी तिनं आल्याआल्या ‘आई’ अशी हाक मारली नाही. थेट गोठ्यात येऊन मला पुढ्यात घेऊन बसली. साळुबाई शेण भरत होती.

“हे कशाला केलं व्हतं?”

“म्हशीला फसवाया. तुला दूध पायजे व्हतं.”

“आन् तिला कळलंच न्हाई?”

साळुबाईचे हात थांबले. “न कळाया काय झालं? पेंढ्याला कुठं लेकराचा वास येतो? पर तिला लई माया दाटली व्हती. ती कुठं ठेवायची तिनं?”

पोरीनं मला उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “आई, भूक लागलीय.”

साळुबाईनं हात धुतले. जरा जास्तच वेळ धुतले.

आता २००७ उजाडलंय. माझी शिवण उसवलीय, पेंढा गळतोय. सावळेराम म्हणतो, उकिरड्यावर टाकू. टाका, माझी तक्रार नाही. फक्त म्हातारी म्हैस चरायला गेली असेल तेव्हा टाका. ती अजून येता-जाता मान वर करून आढ्याकडे बघते.