थर्मनची गोधडी

व्हर्नेलने रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून देवाचे आभार मानले, तेही काम व्हायच्या आधीच. तिच्या चर्चची रीतच तशी. मागितलेलं हातात पडण्याआधी ‘मिळालं’ म्हणायचं, आणि तसं वागूनही दाखवायचं. नाहीतर तो विश्वास कसला, नुसती तोंडाची वाफ.

कारणही तसंच होतं. प्रार्थना चालू असतानाच जॅक्सनहून इस्पितळाचा फोन आला. तिचा नवरा थर्मन तीन वर्षं डायलिसिसवर होता. त्याच्यासाठी मूत्रपिंड मिळालं होतं. व्हर्नेल धावत गाडीकडे गेली आणि थर्मनची गोधडी घेऊन आली. मशीनवर त्याला हुडहुडी भरायची, म्हणून त्याच्याच जुन्या शर्टांची तिने ती शिवली होती.

“आता आमच्या घरात हिचं काम नाही!” तिने ती पाळकांच्या बायकोच्या हातात कोंबली. “गरज असेल त्याला द्या!”

सगळं चर्च टाळ्या वाजवत उभं राहिलं.

दोन तास गाडी हाणून दोघं पोचली. थर्मनला इस्पितळाचे कपडेही घातले. मग डॉक्टर आले आणि म्हणाले, मूत्रपिंड तपासलं, चांगलं नाही, घरी जा. परतीच्या वाटेवर व्हर्नेल कुणाशी बोलली नाही. देवाशीही नाही.

मंगळवारी सकाळी डायलिसिस केंद्रात पुन्हा तीच खुर्ची, त्याच सुया. थर्मनचे दात वाजू लागले. आणि शेजारच्या खुर्चीत, हनुवटीपर्यंत तीच गोधडी ओढून, क्लिओथा बसला होता. मासे साफ करायच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दोन आठवड्यांपूर्वी इथे येऊ लागलेला एकटा माणूस.

“मागते परत,” व्हर्नेल पुटपुटली.

“खबरदार,” थर्मन म्हणाला. “देवाला दिलेलं परत मागतेस?”

“देवाला कुठे थंडी वाजतेय? तुला वाजतेय!”

तेवढ्यात क्लिओथाच बोलला. “ताई, ही तुमचीच ना? पाळकीणबाईंनी आणून दिली.”

“हं.”

“शनिवारी मी घरी जाताना ठरवलं होतं, पुरे झालं. आता यायचं नाही.” तो छताकडे बघत होता. “बायको गेली, पोरं शिकागोत. कुणासाठी टोचून घ्यायचं? तर रविवारी बाई दारात. म्हणाल्या, देवाने पाठवलीय. म्हटलं, त्याला माझा पत्ता ठाऊक आहे तर! जाऊन तरी बघू.”

व्हर्नेलने आपला कोट काढला, थर्मनच्या पायांभोवती गुंडाळला आणि पाय मांडीवर घेऊन बसली. तिला रडू येत होतं, आणि रागही. क्लिओथाचा डोळा लागल्यावर तो राग बाहेर पडला.

“एक गोधडी पोचवायला देवाला एवढा खटाटोप?” ती दबक्या आवाजात म्हणाली. “आम्हाला जॅक्सनपर्यंत पळवलं, आशा लावली! सरळ सांगितलं असतं, व्हर्नेल, गोधडी दे, तर?”

“तर तू दिली असतीस?”

तिने थर्मनकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाशी खोटं बोलून कधी निभावलं नव्हतं.

“नसती दिली.”

“मग?”

“मग काही नाही. मला अजून पटलेलं नाही.”

“नाही पटलं तर राहू दे. पाय चोळ, बधिर झालेत.”

ती पाय चोळत राहिली. मूत्रपिंडाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत थर्मनचं नाव होतंच. पुन्हा फोन येईल की नाही, कधी येईल, आला तरी खरा ठरेल का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चार तासांनी मशीन थांबलं. क्लिओथा गोधडीची नीट घडी घालत होता, हळूहळू, निघायची घाई नसल्यासारखा.

“गुरुवारी यायचं बरं का,” व्हर्नेल म्हणाली.

त्याने मान वर केली. “तुम्ही असाल?”

असणं म्हणजे थर्मन अजून मशीनवरच; कालपर्यंत हा प्रश्न तिच्या काळजाला घरं पाडून गेला असता. थर्मनने हळूच तिचा हात धरला.

“असू,” ती म्हणाली.