मांडवातून न गेलेली

गोदूबाईने बोलावलेले पाहुणे अजून काशिरामच्या घरातच होते. लग्नाची बाकीची माणसं जेवूनखाऊन, आहेर घेऊन, मटणाची वाटी लहान होती म्हणून नाकं मुरडत आपापल्या गावी गेली. पण ह्या पाहुण्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं, म्हणून ते थांबले होते. अख्ख्या बेलपाड्यात ही गोष्ट एकट्या गोदूबाईला ठाऊक होती.

गोदूबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी शिरला त्याच्या आधीपासून लग्नं लावणारी बाई. पोथी नाही, पंचांग नाही, सगळं गाण्यात. हळदीच्या संध्याकाळी तांदळाच्या पिठाने चौक भरायचा, त्याच्यापुढे बसायचं आणि धवले गात एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं. आधी गावदेवी, मग बांधावरचा चेडोबा, मग त्या घरातली गेलेली माणसं. एकही नाव गाळायचं नाही. ज्याचं राहील तो वेशीवर उभा राहून कुढतो, असं तिच्या सासूने तिला बजावलं होतं. आणि लग्न उरकलं की शेवटचा धवला निरोपाचा. ज्याला जिथून आणलं त्याला तिथे नेऊन सोडायचं, आणि धवलारणीने मागे न बघता घरी यायचं. तो धवला झाल्याशिवाय मांडवाच्या गाठीला कोणी हात लावत नसे.

पण ते दिवस शेतीचे होते. जमिनी नव्या शहरात गेल्या आणि गावाची तऱ्हाच बदलली. पूर्वी कामाला जाताना बाई चेडोबापुढे चिमूटभर तांदूळ टाकून, त्याला दोन शब्द सुनावून पुढे जायची. देव म्हणजे शेजारी होता, भांडायलाही हक्काचा. आता बांधच राहिला नाही, तर चेडोबाला रस्त्याच्या कडेला आणून वर लाद्या बसवल्या होत्या आणि वर्षातून एकदा त्याच्यापुढे लाउडस्पीकर लावून नाचत होते. गोदूबाईला हे बघून चीड यायची. वर्षभर ढुंकून बघायचं नाही आणि एका रात्रीत त्याचे कान किटवायचे, ही कसली भक्ती, असं ती कोणी ऐको न ऐको बोलून दाखवायची.

काशिराम हा त्या नव्या तऱ्हेतला पहिला माणूस. त्याने डंपर घेतले आणि खाडीत भराव टाकायची कामं धरली. कौलारू घर पाडून बंगला बांधला. खाली मोझॅक लाद्या, भोवती पुरुषभर उंच भिंत, पुढे लोखंडी गेट. मुलाचं, जीवनचं, लग्न ठरलं तेव्हा पनवेलचा भटजी सांगितला, बेंजोपार्टी सांगितली. गोदूबाईला बोलावलं ते व्हिडिओवाल्याच्या हौसेखातर. "गावची रीत पन कॅशेटीत येव दे," काशिराम म्हणाला होता.

गोदूबाई गेली. व्हिडिओचा दिवा तोंडावर आला तसे तिचे डोळे पाणावले, तरी तिने आवाज सोडला. गावदेवी आली, चेडोबा आला. काशिरामचा बाप चांगो, आई सोनाबाई, जवानपणी गेलेला भाऊ सुदाम, सगळे आले. मग भागीची पाळी आली.

भागी म्हणजे काशिरामची बायको, जीवनची आई. जीवन रांगत होता तेव्हा ती खाडीत चिंबोऱ्या धरायला गेली आणि भरतीत बुडाली. पाय घसरला असणार, असं गाव म्हणालं. गोदूबाईला ते कधी पटलं नाही. भागी खाडीकाठी जन्मलेली, भरती कधी चढते हे तिला चुलीवरचा भात कधी शिजतो तितकं ठाऊक होतं. त्या दिवशी ती भरल्या पाण्यात आपल्या पायांनी चालत गेली, आणि का गेली हे तिच्या पाठीवरच्या वळांना ठाऊक होतं. कोणी विचारलं की भागी म्हणायची, बैलाचा धक्का लागला. गोठ्यात दोन म्हातारे बैल होते, माशी हाकलायचीही त्यांना ताकद नव्हती.

"ये गो बाय भागे, तुज्या ल्योकाचे मांडवी," गोदूबाई गायली. काशिरामने तोंड फिरवलं आणि बेंजोवाल्यांना उगाच काहीतरी सांगायला गेला. गोदूबाईच्या अंगावर मात्र काटा आला, कारण एवढ्या वर्षांत बोलावल्याबरोबर इतक्या लगबगीने कोणी आलं नव्हतं. मांडवाच्या दारात बांधलेली उंबराची फांदी वारा नसताना हलली आणि खाडीचा वास मांडवभर पसरला.

लग्न झालं. निरोपाचा धवला गायला गोदूबाई सुपात तांदूळ घेऊन आली, तर मांडववाल्याची पोरं शिड्यांवर चढून गाठी सोडत होती. त्यांना दुसऱ्या दिवशी उरणला मांडव घालायचा होता. व्हिडिओवाला आपली वायर गुंडाळत म्हणाला, "आजी, कॅसेट संपली." काशिरामने तिच्या हातात नारळ आणि लुगडं ठेवलं.

"झाला ना गो आये सगला. आता कनाला गातंस?"

"अरे, बोलावलेली मानसा हायेत. त्यांना परत धारावला नको?"

"जातील त्यांची ती. तू घरा जा, दमलीस."

त्याने हे हसत म्हटलं, त्यात वाईट काही नव्हतं. तरी गोदूबाई सूप धरून तिथेच उभी राहिली. मांडवाचं कापड तिच्या डोळ्यांदेखत खाली आलं. उंबराची फांदी कोणीतरी भिंतीपलीकडे भिरकावली.

त्यानंतर ती रोज त्या बंगल्यावरून जायची आणि गेटपाशी थबकायची. तिला भीती वाटत होती ती नव्या सुनेची. कीर्ती पनवेलची पोर, कॉलेजात गेलेली, आवाजाने गोड. हिच्या मानगुटीवर भागी बसली तर दोष कोणाचा? आणलं कोणी? गोदूबाई घरी येऊन चुलीपुढे बसायची आणि चूल पेटवायचंच विसरायची.

मग एका दुपारी काशिराम स्वतः तिच्या पडवीत येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. बस म्हटलं तरी बसला नाही.

"आये, तो गाना गायचा रायलाय नं, तो गाऊन टाक."

"आता? मांडव कवाच गेला."

"मांडव गेला, पन..." त्याने मागे वळून बघितलं. "घरान चिखल येतंय. रोज सकाली. काला चिखल, खाडीचा. दारापासून सैपाकघरापर्यंत. पावलां हायेत, आये. बाईमानसाची."

गोदूबाईने त्याच्याकडे बघितलं. गावात खाडीवर आता कोणीच जात नव्हतं. जायला खाडीच उरली नव्हती. काशिरामच्या डंपरांनी खाडीकाठच्या खाजणावर लाल मुरूम ओतून वर रोलर फिरवला होता. काळा चिखल बघायचा तर उलव्याकडे जावं लागे.

"सगल्यांना पाठव," काशिराम म्हणाला. "पन पैली तिला पाठव."

ती म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिने सूप उचललं.

बंगल्यात भर दुपारी पडदे ओढलेले होते. लाद्या नुकत्याच पुसल्या होत्या, तरी वास जात नव्हता. गोदूबाईने हॉलच्या मधोमध पिठाचा चौक भरला. काशिराम सोफ्याच्या कडेला बसला, पाय लादीवरून वर उचलून. त्या मोठ्या देहाच्या माणसाला तसं बसलेलं बघून एरवी तिला हसू आलं असतं.

कीर्ती तांदळाची वाटी घेऊन बाहेर आली. वाकून वाटी ठेवताना तिच्या हातातला हिरवा चुडा खळखळला, पण एकाच हातातला. दुसऱ्या हातात दोनच बांगड्या उरल्या होत्या, आणि त्यांच्या वर दंडापर्यंत बोटं उमटली होती, निळी पडलेली. हळदीचा पिवळेपणासुद्धा अजून पुरता गेला नव्हता त्या हातावरून.

गोदूबाईने हळूच विचारलं, "यो काय गो, बाय?"

कीर्तीने पदर ओढून घेतला. "काही नाही आजी. दार लागलं."

गोदूबाईचा हात सुपातच राहिला. भागीच्या वेळी बैल होता. आता बैल विकले, म्हणून दार. एवढं सगळं बदललं, घर बदललं, गाव बदललं, देवाची जागा बदलली, आणि हे तेवढं जसंच्या तसं बापाकडून लेकाकडे आलं. त्या वेळी निदान कुडाची घरं होती, बाईचा आवाज शेजारी ऐकू जायचा. शेजारी काही करत नसत, पण ऐकत तरी असत. ह्या भिंतींतून तर कण्हणंही बाहेर जाणार नव्हतं. इतके दिवस मी भीत होते ती चुकीच्या माणसाला, असं गोदूबाईला वाटलं, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

"बस हतंच," ती कीर्तीला म्हणाली. "माज्या बाजूला."

"जेवण व्हायचंय, आजी. हे येतील आता."

"येव दे. बस."

कीर्ती बसली. गोदूबाईने चौकात नावागणिक तांदळाची चिमूट ठेवली आणि आवाज लावला. तो आता जुना झाला होता, पण बंद घरात तो चारी बाजूंनी परत येत होता. तिने चांगोला त्याच्या गुरांच्या जुन्या वाडग्यापर्यंत पोचवलं. सोनाबाईला विहिरीवरच्या तुळशीपाशी सोडलं, सुदामला मसणवटीतल्या आंब्याखाली. चेडोबाला रस्त्याकडेच्या त्याच्या लाद्यांवर नेऊन बसवलं आणि गावदेवीला देवळात. एकेक नाव झालं की ती चौकातली एक चिमूट पुसायची, आणि एकेक पाहुणा उठून गेल्यासारखी घरातली हवा हलकी व्हायची. खाडीचा वास मात्र तिथेच होता.

चौकात एक चिमूट तांदूळ उरले. गोदूबाईने सूप खाली ठेवलं.

"झाला," ती म्हणाली.

काशिरामने मान वर केली. "तिचा नाव नाय आयकला मी."

"मी घेतला नाय."

"घे मग. बोलावलीस तू, पाठव पन तूच. खाडीन जा म्हन."

"कंचे खाडीन?" गोदूबाईने विचारलं. "जतून आनली ततं न्हेऊन सोडाची, ही रीत हाय. तू ततं मुरूम टाकून रोलर फिरवलास. तिची जागा तू बुजवलीस, काशिराम. आता ती जायाची कया?"

 काशिरामचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे लागले होते. गोदूबाईने तिकडे बघितलं नाही. ती चौकातल्या उरलेल्या तांदळांशी बोलावं तशी बोलली, अगदी घरगुती आवाजात.

"भागे, तू राव. नवीन सून हाय घरान. तिचे संगतीला कोन नाय."

लादीवर पाणी ठिबकल्याचा आवाज झाला. काशिरामने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एकेकाळी ज्या हातांची दहशत होती, त्याच हातांआड तो लहान पोरासारखा लपला. गोदूबाईला त्याची दया आली नाही, आणि दया आली नाही याचं तिला वाईटही वाटलं नाही.

ती निघाली तशी कीर्ती पायऱ्यांपर्यंत सोबत आली. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"आजी, त्या खरंच थांबणार?"

"तुला भ्याव वाटतं तिचा?"

कीर्तीने विचार केला. पदराखाली तिचा हात दंडावरून फिरत होता. "त्यांचं नाही वाटत," ती म्हणाली.

गोदूबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपण आज जे केलं ते आपल्या सासूने, सासूच्या सासूनेही कधी केलं नव्हतं. बोलावलेल्याला परत पाठवायचं हा धवलारणीचा शब्द होता, आणि तो तिने मुद्दाम मोडला होता. ह्याचं काय होईल, ते कोणावर उलटेल, हे तिला कळत नव्हतं. भागी मेलेली होती, आणि मेलेल्या माणसाचा राग कुठे थांबतो हे कोणाला ठाऊक?  तरीही ती परत फिरली नाही.

गेटमधून ती बाहेर पडत होती तेव्हा जीवनची मोटारसायकल आत शिरली. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. तिथूनच तो बायकोवर ओरडला, जेवण वाढलं का म्हणून. आवाज हुबेहूब बापाचा, तरुणपणीचा.

निरोपाचा धवला गाऊन झाल्यावर मागे बघायचं नसतं. पण आज निरोप पुरा झालाच नव्हता. गोदूबाई वळली.

कीर्ती पायरीवर बसली होती. मधोमध नाही, एका कडेला सरकून, शेजारी आणखी कोणाला तरी जागा करून. तिच्या बाजूची पायरी भर उन्हात ओली होती. आणि जीवन चार पावलांवर येऊन उभा होता, हातात किल्ली तशीच, उघडलेलं तोंड तसंच, आणि त्याचं पाऊल पुढे पडत नव्हतं.