दोराचं टोक

जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळलं की मोंटानातल्या त्या नदीला माज चढतो. अशा पाण्यात होडी घालायची तर वल्ह्यांवर डेल हचन्सच हवा, असं चाळीस वर्षं सगळे म्हणत आले. पण आता डेलच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि होड्या जावयाच्या, रस्कच्या झाल्या होत्या.

"आज मला खिंडीतून खाली ने, म्हातारबा," रस्क म्हणाला. "सुखरूप नेलंस तर उन्हाळाभर वल्ही तुझी. नाहीतर घरी बसून वाटाणे सोल."

चढत्या पाण्यात नांगराच्या दोराच्या होडीतल्या टोकाला गाठ ठेवायची नसते. नांगर अडकला तर अख्खा दोर सुटून जायला हवा, नाहीतर होडी जागच्या जागी बुडते. डेल ते टोक काडीनं जाळून गुळगुळीत करून ठेवायचा आणि रोज निघण्याआधी बोटांनी तपासायचा. असे दोन नांगर गेल्यापासून रस्क त्याच्यावर धुमसत होता.

आजही डेलचा हात दोराकडे गेला.

"आंधळा कसा चाचपतोय बघा रे!" रस्क काठावरच्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "हा मला पार नेणार!"

सगळे हसले. डेलनं हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं टोक तपासलं नाही, तेही लाजेपायी.

खिंडीत रस्क पुढे उभा राहून गळाला बांधलेली पिसांची नकली माशी काठाकाठानं फेकत होता. मोठा ट्राउट मासा गळाला लागला.

"नांगर टाक!"

"या पाण्यात नाही टाकायचा."

"फाटली का? टाक म्हणतो ना!"

डेलनं टाकला. नांगर खडकांत रुतला. डेलनं दोर मोकळा सोडला. तो सरसर धावला आणि हिसका देऊन थांबला. टोकाला गाठ होती, ती होडीच्या कडीत अडकली. होडीची मागची बाजू खाली गेली आणि पाणी आत घुसलं. डेलनं जावयाची मानगूट धरून त्याला काठाला ओढलं.

"गाठ यानंच मारली आणि विसरला," काठावर रस्क थंडीनं दात वाजवत धावून आलेल्या सर्वांना सांगत होता.

"मी नाही मारली," डेल म्हणाला.

"मग माशांनी मारली?"

होडी बुडवली की आपलं वल्हं आपल्याच हातानं कापून गावातल्या दुकानाच्या दारावर टांगायचं, अशी तिथली रीत होती. डेलनं कापलं.

"सरळ काप, की तेही दिसत नाही?" रस्क म्हणाला.

डेलला एकच आशा होती. रस्क डावखुरा, त्याची गाठ उलटी पडते, हे सगळा गाव ओळखून होता. पाणी उतरलं की गाठच बोलेल. तो दोन महिने तोंड मिटून बसला.

ऑगस्टमध्ये होडी उघडी पडली. डेलची मुलगी, रस्कची बायको लॉरेना सगळ्यांच्या आधी तिथे पोचली होती. डेल काठी टेकत मागून आला.

"गाठ बघ, पोरी. कुठल्या हाताची आहे?"

"गाठ नाहीये, बाबा. पाण्यानं नेली असेल."

डेलनं टोक चाचपलं. गुळगुळीत नव्हतं. नुकतंच कापल्यासारखे तंतू बोटांना टोचले. तेवढ्यात पाण्यात काहीतरी टपकन पडलं.

"मासा असेल," लॉरेना म्हणाली.

चाळीस वर्षं मासे ऐकत आलेल्या बापाला ती हे सांगत होती.