दोन नाकांची बिअर

मिलवॉकीच्या दक्षिण भागात मार्च संपत आला की माणसं दोन विषयांवर छातीठोकपणे बोलू लागतात, बिअर आणि बेसबॉल. बर्नाडेट कुलास दोन्हींवर बोलायची आणि तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. एकोणतीस वर्षं तिनं शहराची बस चालवली होती. खोळंबलेल्या चौकात ती खिडकी उघडून जे काही सुनावायची, ते ऐकून ट्रकवालेसुद्धा मुकाट्यानं मागे सरायचे. बाई मनाची मोकळी, पण राग सदा नाकावर. आणि ते नाकही साधंसुधं नव्हतं. बिअरचा मग नुसता जवळ आणला की तिच्यात कडूपणाला कुठली हॉपची फुलं घातलीत, माल्टचं धान्य किती भाजलंय, पिंप नीट धुतलं होतं की नाही, सगळं सांगून ती मोकळी व्हायची.

तिच्या तोडीचं दुसरं नाक त्या वस्तीत एकच होतं, ओर्व्हिल हाउगेनचं. माल्टच्या कारखान्यात त्यानं तीस वर्षं काढली होती. भट्टी कधी बंद करायची हे तिथे घड्याळ नव्हे, ओर्व्हिल सांगायचा. त्याची बायको ल्युसील ही बर्नाडेटची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्यामुळे ओळख झाली, आणि मग गेली सोळा वर्षं ही दोघं ओर्व्हिलच्या गराजमध्ये बिअर करत आली होती. भांडत भांडतच करायची. तो म्हणे कडू कमी पडलं, ही म्हणे तुझ्या जिभेला गंज चढलाय. ल्युसील वरून ओरडायची की एकदाचा काय तो जीव घ्या एकमेकांचा, जेवण थंड होतंय.

अलीकडची दोन वर्षं मात्र भांडणं थांबली होती. बर्नाडेट जे म्हणेल त्याला ओर्व्हिल मान डोलवायचा, आणि वर एखादा शब्द स्वतःचा घालायचा. तिला ते बरं वाटायचं. इतक्या वर्षांनी दोघांची चव एक झाली, असं तिनं ल्युसीलला एकदा सांगितलंही होतं. ल्युसीलनं तेव्हा विषय बदलला होता.

यंदा तर नुसती हौस राहिली नव्हती. एका लहान ब्रुअरीनं त्यांना आपली रिकामी टाकी वापरायला दिली होती, आणि वस्तीतल्या टॅव्हर्नचा, म्हणजे बिअरच्या गुत्त्याचा, मालक क्लेमंट यानं त्यांच्या बिअरला काउंटरवरचा एक नळ द्यायचं कबूल केलं होतं. तोही कधी, तर गुरुवारी, मोसमाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी. त्या दिवशी अर्धं शहर कामाला दांडी मारतं. क्लेमंटच्या दारातून स्टेडियमला बसगाड्या सुटतात आणि सकाळी नऊपासून आत पाय ठेवायला जागा नसते. चाळीस वर्षांत क्लेमंटनं कुणा घरगुती बिअरवाल्याला त्या नळांच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. राई नावाच्या धान्याची तांबूस लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश मुरवलेली बिअर, नाव 'दोन नाकं'. नळाचा दांडा ओर्व्हिलनं स्वतः मेपलच्या लाकडातून कोरला होता. एक नाक तिचं, पोलिश, एक त्याचं, नॉर्वेजियन, पाठीला पाठ लावून.

नाव बर्नाडेटचंच. स्वतःच्या एकटीच्या नाकावर तिनं ही बिअर कधीच बाहेर काढली नसती. "माझं चुकेल, तुझं चुकेल," ती म्हणायची, "पण दोघांचं एकाच जागी चुकायचं नाही. म्हणून तर मी रात्री झोपते." या एका गोष्टीच्या जोरावर तिनं साठी ओलांडल्यावर चारचौघांत उभं राहायचं धाडस केलं होतं.

आणि नेमकी मार्चच्या मध्याला, बिअर टाकीतून पिंपात भरायच्या आठवड्यात, बर्नाडेटला सर्दी झाली. नाक पार बंद. कॉफी आणि गरम पाणी यांतला फरक कळेना. ती टाकीजवळ रुमाल घेऊन उभी राहिली आणि ओर्व्हिलनं घोट घेतला. डोळे मिटले, दुसरा घेतला, तिसरा घेतला. "स्वच्छ आहे, बर्नी," तो म्हणाला. "भरा." तिनं पुन्हा विचारलंही नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी चौघं क्लेमंटच्या बंद टॅव्हर्नमध्ये जमली. हा त्यांचा सोळा वर्षांचा रिवाज. बेसबॉलच्या नऊ डावांचे नऊ मग, सगळे काळे, म्हणजे आतला रंग कळायला नको. कुठल्या मगात कुणाची बिअर ते फक्त क्लेमंटला ठाऊक. प्रत्येक मगागणिक चव सांगायची आणि मोसमाचं एक भाकीत करायचं. शेवटी आपली टीम एकशे बासष्टांपैकी किती सामने जिंकणार तो आकडा क्लेमंट फळ्यावर लिहायचा, आणि तो ऑक्टोबरपर्यंत पुसायचा नाही. राई ब्रेड, लिव्हर सॉसेज आणि कच्चा कांदा काउंटरवर झाकून ठेवलेला, कारण नववा मग संपेपर्यंत कांद्याला हात लावायला बंदी होती.

"बाईमाणसाचा मान पहिला," ओर्व्हिल म्हणाला. ही पद्धत त्यानंच दोन वर्षांपूर्वी पाडली होती. त्याआधी जो आधी ओरडेल तो पहिला.

"संत्र्याची साल," बर्नाडेट पहिल्या मगावर म्हणाली. "आणि मागे जरा पाइनचा चीक."

"चीक बरोबर," ओर्व्हिल म्हणाला. "ओला पाइन. पाऊस पडून गेल्यावरचा."

"कवी झालाय मेला," क्लेमंट म्हणाला. "भाकीत सांगा."

"जूनच्या आत आपल्या डावखुऱ्या पिचरचा खांदा जाणार," बर्नाडेट म्हणाली.

"खांदा किंवा कोपर," ओर्व्हिल म्हणाला.

असे पाच मग झाले. कुठल्या मॅनेजरची पहिली हकालपट्टी होणार ते ठरलं, शिकागोवाल्यांना एकमतानं तळाला बसवलं. बर्नाडेट रंगात आली होती. नाक मोकळं होऊन चारच दिवस झाले होते आणि वास घेण्याचं तिला लहान पोरासारखं अप्रूप वाटत होतं. सहावा मग तिनं उचलला, नाकाशी नेला आणि हसत सुटली.

"अरे देवा! हे कुणाचं पाप? लोणी! सिनेमाच्या थेटरातले पॉपकॉर्न नाकात कोंबल्यासारखं वाटतंय. ज्यानं केली त्याला गाय पाळायला सांगा, बिअर करायला नको."

"लोणी, नुसतं लोणी," ओर्व्हिल हसून म्हणाला. "पावाला लावून खावी."

ल्युसीलनंही घोट घेतला आणि तो मग खाली ठेवला. क्लेमंट मात्र हसला नाही. तो मागे काउंटरला टेकून उभा होता, हातात नंबरांची चिठ्ठी. त्यानं दोनदा चिठ्ठी पाहिली.

"बर्नी," तो म्हणाला, "सहा नंबर तुमचीच आहे. आज सकाळीच पिंप उघडलं. मला वाटलं, तुम्हाला मजा वाटेल."

बर्नाडेटचं हसू ओठांवरच राहिलं. तिनं मग पुन्हा उचलला, पुन्हा वास घेतला. लोणीच होतं. ज्यांनी घरी लागर केली आहे त्यांना हा वास माहीत असतो. बिअर टाकीत अजून दोन दिवस जरा उबेत ठेवली असती तर यीस्टनंच तो लोण्याचा वास खाऊन टाकला असता. फक्त दोन दिवस. फक्त कुणीतरी वास घेऊन "थांबा" म्हणायला हवं होतं.

बसवर बसून एकोणतीस वर्षं माणसं पाहिलेली बाई ती. तिला हिशोब लागायला वेळ लागला नाही. ओर्व्हिलला आज लोण्याचा वास आला, तर त्या दिवशी टाकीपाशी का नाही आला? आणि त्या दिवशी आला नाही, तर आज कसा आला? मधे फरक एकच होता. आज ती आधी बोलली होती.

"चुकतं माणूस," ओर्व्हिल घाईनं म्हणाला. "पिंपात गेल्यावर बिघडली असेल. क्लेमंट, पुढचा दे."

क्लेमंटनं सातवा मग पुढे सरकवला. तो टेबलावर यायच्या आधीच बर्नाडेटला धुराचा वास आला. धुरावलेल्या माल्टची बिअर, साक्षात धुरी दिलेलं सॉसेज. दारातून आत येणाऱ्यालाही कळलं असतं. तिनं मग नाकाशी धरला, सावकाश घोट घेतला आणि ओर्व्हिलकडे न बघता म्हणाली, "केळं. पिकलेलं केळं, आणि लवंग."

ओर्व्हिलनं घोट घेतला, डोळे मिटले.

"लवंग जास्त," तो म्हणाला. "केळं मागाहून येतं."

क्लेमंटनं हातातली चिठ्ठी काउंटरवर पालथी घातली. ल्युसील टेबलाच्या कडेवरचा एक ओरखडा नखानं घासत राहिली. बर्नाडेटनं तिच्याकडे पाहिलं. ल्युसीलला नवल वाटलं नव्हतं.

"कधीपासून?" बर्नाडेटनं विचारलं.

ओर्व्हिलनं मग ठेवला. लपवायचं आता काही राहिलं नव्हतं. "दोन हिवाळ्यांपूर्वी मला ताप आला होता बघ. त्यात गेलं. कडू कळतं, गोड कळतं, आंबट कळतं. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाला येईल परत, नाही आलं."

"आणि तू?" तिनं ल्युसीलला विचारलं.

"त्यानं शपथ घातली होती गं," ल्युसील म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगेल."

"सातशे दिवस रोज वाटलं तुला?"

"बर्नी, ऐक," ओर्व्हिल म्हणाला. "सगळं आयुष्य लोक मला नाकामुळे विचारत आले. नाक गेलेल्या ओर्व्हिलला या टेबलावर कोण बोलावणार? तू सांगायचीस ते खरंच असायचं. कधी चुकली नाहीस तू. मग काय बिघडत होतं?"

"काय बिघडत होतं?" बर्नाडेट उठून उभी राहिली. आवाज चढला, चौकातल्या ट्रकवाल्यांनी ऐकलेला तोच आवाज. "इथल्या तळघरात सहा पिंपं लोण्याची भरून ठेवलीत, आणि विचारतोस काय बिघडत होतं? मला सर्दी झाली होती, ओर्व्हिल! पंधरा मिनिटं उभी होते तुझ्यासमोर नाक पुसत. तेव्हा नुसतं म्हणायचं होतंस, बर्नी, माझंही बंद आहे. ब्रुअरीतल्या कुणालाही हाक मारली असती. तू डोळे मिटून नाटक केलंस. तीनदा घोट घेतलास, तीनदा!"

"मला वाटलं, तू केलीय म्हणजे चांगलीच असणार."

ह्या वाक्यानं तिचा राग एकदम उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, जास्त जड. सर्दी फक्त पंधरा दिवसांची होती. त्याच्या आधीची दोन वर्षं? ती खुर्चीत परत बसली. प्रत्येक वेळी तो "बरोबर" म्हणाला होता आणि प्रत्येक वेळी ती घरी जाऊन निर्धास्त झोपली होती. ही बिअर, हे नाव, बाहेर पडायचं धाडस, सगळं त्या "बरोबर"वर उभं होतं. आणि ते तिचंच बोलणं होतं, त्याच्या तोंडून परत आलेलं. फसवून वर तिलाच शहाणी म्हणत होता. तिला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही.

क्लेमंटनं दोन्ही मग उचलून बेसिनमध्ये रिकामे केले. "गुरुवारी मी ही लावू शकत नाही, बर्नी," तो हळूच म्हणाला. "तुलाही नकोच असेल."

"नको."

"पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ म्हणजे काय ते टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. चाळीस वर्षांत क्लेमंटनं पहिल्यांदा हो म्हटलं होतं. त्याला गप्प बसवेना म्हणून त्यानं खडू घेतला आणि फळ्याकडे गेला. "मग... आकडा काय लिहू?"

"त्याला विचार," बर्नाडेट म्हणाली. "आज त्यानं आधी बोलायचं. बेसबॉलला नाक लागत नाही."

ओर्व्हिलनं सवयीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिनं तोंड फिरवलं.

"चौऱ्याहत्तर," तो शेवटी म्हणाला.

दोन वर्षांत त्याच्या तोंडून आलेला हा पहिला स्वतःचा आकडा होता. बर्नाडेट नव्वदाच्या खाली कधी उतरत नसे, आणि पूर्वी तो कधी नव्वदापर्यंत चढत नसे. त्यावरून तर सोळातली चौदा वर्षं टेबल दणाणायचं.

"आणि गेल्या साली?" तिनं विचारलं. "फळ्यावर आपण एक्क्याण्णव लिहिलं. दोघांनी. तुझ्या मनात काय होतं?"

"राहू दे ना, बर्नी."

"काय होतं?"

"अठ्ठ्याहत्तर."

टीम सत्त्याहत्तर जिंकली होती. अख्खा उन्हाळा बर्नाडेट त्या फळ्यासमोर लोकांशी हुज्जत घालत बसली होती, आणि प्रत्येकाला सांगत होती की मी एकटी म्हणत नाही, ओर्व्हिललाही विचारा. ओर्व्हिलला विचारलं की तो मान डोलवायचा.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "तरी एक्क्याण्णव म्हणालास."

"तू इतकी खुशीत होतीस. आणि एकदा सगळ्यालाच हो म्हणायची सवय लागली, मग मधेच नाही कुठून म्हणू?"

"नाक गेलं, ते तुझ्या हातात नव्हतं," बर्नाडेट म्हणाली. "जीभ कुठे गेली होती?"

ल्युसील आता उघड रडत होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बर्नाडेटनं खुर्चीवरचा कोट घेतला, एक बाही घातली, दुसरी तिला मिळेना. ओर्व्हिल मदतीला उठला तशी ती दोन पावलं लांब सरकली आणि स्वतःच बाही शोधून हात घातला.

"क्लेमंट, उद्या दहाला येते," ती म्हणाली. "पिंपं ओतून टाकायला."

"सहा आहेत गं. जड आहेत."

"मी येतो," ओर्व्हिल म्हणाला. "दोघं मिळून करू."

बर्नाडेटनं कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"नको," ती म्हणाली. "दोन वर्षं एकटीच करतेय मी. जमेल."